हत्तीचा बिल्ला आणि काबूलचं दार

आमच्या घरात एक वाक्य चार पिढ्या चालत आलंय. "बाबा काबूलच्या दारात उभा होता." बाबा म्हणजे माझे खापरपणजोबा. इंग्रजांच्या मुंबई फौजेत शिपाई होते, अफगाणिस्तानच्या लढाईला गेले होते, परत आले. एवढंच ठाऊक. ना फोटो, ना कागद. माझे वडील निवृत्तीनंतर हे सगळं शोधणार होते. २०२१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या वहीत पहिल्या पानावर फक्त हे वाक्य लिहिलेलं सापडलं. म्हणून मी सुरुवात केली. जवळजवळ वीस महिने लागले. ज्यांच्या घरात असा कुणी पलटणीतला पूर्वज आहे आणि कुठून धागा पकडावा कळत नाही, त्यांच्यासाठी जे जे झालं ते क्रमाने लिहिते आहे.

१४ एप्रिल २०२२. करोनाची दोन वर्षं सरल्यावर जयंतीला पहिल्यांदाच गावी गेले, दापोली तालुक्यात. मिरवणूक संपल्यावर आत्याने बाबासाहेबांच्या तसबिरीमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला बिल्ला माझ्या हातात ठेवला. लहानपणी आम्ही त्याला हत्तीचा बिल्ला म्हणायचो. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज, तिच्यात पाठीवर तोफ लादलेला हत्ती, वर इंग्रजीत अफगाणिस्तान आणि खाली १८७८-७९-८०. मूळची हिरवी, लाल काठांची फीत केव्हाच गेलेली, तिच्या जागी काळा दोरा. आत्या दर जयंतीला तो राखेने घासते, त्यामुळे राणीचं नाक सपाट झालंय.

मी आयुष्यभर तो बिल्ला पाहत आले, पण त्याची कड कधी पाहिली नव्हती. त्या युद्धाच्या पदकांवर शिपायाचं नाव कडेवर कोरलेलं असतं. सरळ उजेडात काहीच दिसत नव्हतं. मग खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी कडेला लावून तिरपी धरली आणि बिल्ला हळूहळू फिरवला. आधी आकडे दिसले, मग सिपॉय, मग नाव, शेवटी १९ बॉ. एन. आय. म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची १९ वी पलटण. माझा हात थरथरत होता म्हणून भाच्याने फोटो काढले. तुमच्याकडे असं पदक असेल तर एक कळकळीची विनंती आहे, ते राखेने, चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. कडेवरचं नाव हीच तुमची एकमेव चावी असू शकते.

त्याच रात्री आत्याशी दीड तास बोलले आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने स्वतः बाबांना पाहिलेलं नाही, पण तिच्या आजीने, म्हणजे बाबांच्या सुनेने, त्यांना हाताने जेवू घातलं होतं आणि ती आजी आत्याला रात्री गोष्टी सांगायची. मध्ये एकच माणूस. आत्या म्हणाली, बाबा एक पाय ओढत चालायचे, पावसाळ्यात तो पाय दुखायचा तेव्हा चुलीजवळ बसून शेकायचे, आणि काबूलच्या दारात होतो असं सांगायचे. मी वहीत टिपणं घेत होते. या शेवटच्या वाक्यासमोर मी लिहिलं, "काबूलच्या सीमेवर तैनात होते." मला वाटलं, तिला तेच म्हणायचंय.

आता नावाविषयी. पूर्ण नाव इथे देत नाही, भावकीतल्या सगळ्यांना ते आवडेलच असं नाही. पण कडेवरच्या नावात आमचं आडनाव नव्हतं. बाबांचं नाव, वडिलांचं नाव आणि दोन्हींच्या शेवटी एन-ए-सी अशी तीन इंग्रजी अक्षरं. भाचा म्हणाला, हे आपलं नसेल. मी मात्र ती अक्षरं लहानपणापासून ओळखते. दर १ जानेवारीला वडील आम्हाला भीमा कोरेगावला न्यायचे आणि जयस्तंभावरच्या नावांपुढे उभं करून शेवट वाचायला लावायचे. नाक, नाक, नाक. महार शिपायांच्या नावाला लागणारा हा प्रत्यय इंग्रज कारकून असाच लिहायचे. आमचं गावावरून पडलेलं आडनाव फार पुढचं, पणजोबा मुंबईला गेले तेव्हाचं. तेव्हा शोधायचं ते आजच्या आडनावाने नाही, कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं त्या स्पेलिंगने. लक्ष्मणचं स्पेलिंग त्या काळी एल-यू-एक्सने सुरू होतं, पवारमध्ये ओ घुसतो. मी आमच्या बाबांच्या नावाची नऊ स्पेलिंगं लिहून काढली आणि तो कागद पुढे प्रत्येक ठिकाणी सोबत नेला.

मे २०२२ मध्ये गावच्या कागदांच्या मागे लागले. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्यांना कोतवाल बुक माहीत असतं. गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, महसुली भाषेत गाव नमुना १४. ज्या कार्यालयात अर्ज केला तिथे पहिल्यांदा सांगितलं की इतकं जुनं काही नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सांगितलं की आहे, पण अर्जात वर्ष हवं. वर्ष माहीत असतं तर मी आले कशाला असते? शेवटी एका शिपाईमामांनी मार्ग सांगितला. एका वर्षाची नोंद मागू नका, "सन १९०० ते १९३० मधील मयत नोंदींची पाहणी करून नक्कल मिळावी" असं लिहा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. तिसरा अर्ज मंजूर झाला. वही प्रत्यक्ष पाहायला मिळाली ती ऑगस्टमध्ये. कल्याण ते दापोली एसटीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, आणि शाळेच्या रजा गेल्या त्या वेगळ्याच.

वही मोडीत होती. मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. अंदाजाने पानांचे फोटो काढता येत नाहीत, म्हणून सप्टेंबरमध्ये मोडी वाचणाऱ्या एका काकांना सोबत नेलं. पुराभिलेख खात्याची परीक्षा दिलेले लिप्यंतरकार असतात. ते कचेरीत मान्य होतात आणि त्यांच्या सहीचं लिप्यंतर पुढेही कामाला येतं. काकांनी पानाला तीनशे रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च घेतला. दोन दिवस आम्ही पानं उलटत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ते मोठ्याने वाचू लागले आणि मी नऊ स्पेलिंगांचा कागद घट्ट धरून बसले. नाव, बिन, वडिलांचं नाव. दोन्हींच्या शेवटी नाक. वय ६३. रोग ताप. शेरा, पेनशनर. साल १९१८, महिना ऑक्टोबर.

त्या पानावर बाबांच्या वरती-खालती सगळ्यांपुढे एकच शब्द होता, ताप. काकाही थोडा वेळ गप्प झाले. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात काय झालं ते पुस्तकात वाचलेलं असतं. आपल्या वाडीतली माणसं ओळीने त्या शब्दापुढे लिहिलेली पाहणं वेगळं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आत्याला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "तरी त्रेसष्ट म्हणजे पुष्कळ जगला की."

वय ६३ धरलं तर जन्म १८५५ च्या आसपासचा. म्हणजे युद्धात बाबा पंचविशीचे. आता पलटण कुठे होती ते बघायचं होतं.

इथे माझी एक चक्कर वाया गेली, पण ती गेलीच नसती तर बरं झालं असतं असं मला वाटत नाही. कुलाब्यातलं अफगाण चर्च. मला वाटलं, तिथे नाव असेल. ते चर्च पहिल्या अफगाण युद्धाचं स्मारक आहे, आमच्या बाबांच्या जन्माच्याही आधीच्या युद्धाचं. बाबांचं युद्ध दुसरं. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत, आणि साधे शिपाई इतके होते की त्यांची नावं नोंदवणं शक्य नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मग पर्समधून बिल्ल्याचा फोटो काढून तिथेच पाहिला. या एका शिपायाचं नाव निदान चांदीवर तरी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या पुराभिलेखागारात गेले, काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. आधार कार्ड, मुख्याध्यापिकांचं शिफारसपत्र आणि विषय सांगणारा अर्ज नेला होता. आत पेन चालत नाही, दोन शिसपेन्सिली आणि कोरे कागद न्या. जुन्या धुळीचा त्रास होत असेल तर मास्कही न्या. सूचीतून क्रमांक शोधून चिठ्ठी भरायची, मग बाड येईपर्यंत थांबायचं. तुम्हाला नेमकं काय हवंय ते सुरुवातीलाच सांगितलं तर लोक मनापासून मदत करतात. तिथल्या एका अनुभवी गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझी समजूत घातली की शिपायाची वैयक्तिक कागदपत्रं इथे शोधत बसू नका, ती पलटणीकडेच राहायची आणि बहुतेक नष्ट झाली. इथे मिळेल ती पलटणीची हालचाल. ऐकून मी खचले, पण त्या शब्दांनी माझे निदान सहा महिने वाचवले.

तर पलटणीची हालचाल. दिवाळीचे सहा दिवस आणि नाताळचे चार दिवस त्यात गेले, शिवाय घरी बसून अभिलेख पटलावर, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, पुष्कळ चाळलं. ते फुकट आहे. मुंबईच्या पलटणी कंदाहारच्या बाजूला होत्या, काबूलच्या नाही. माणसं मुंबईहून बोटीने कराचीला जायची, तिथून सिंधमधून वर. रुकपासून सिबीपर्यंतचा लोहमार्ग वाळवंटातून घाईघाईने टाकून जानेवारी १८८० मध्ये सुरू केला होता. सिबीच्या पुढे बोलन खिंड, क्वेट्टा, खोजक खिंड आणि मग कंदाहार, सगळं पायी. दापोलीच्या लाल मातीतला माणूस ज्याच्या घराला चार महिने पाऊस झोडपतो, तो त्या बोडक्या डोंगरांतून चालत गेला. हे वाचताना मी नकाशावर अंतर मोजत बसायचे आणि जेवण विसरायचे.

२७ जुलै १८८० ला कंदाहारजवळच्या मैवंदला अफगाणांच्या अयूब खानाने इंग्रजांच्या ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्यात मुंबईची १ ली ग्रेनेडियर्स आणि ३० वी जेकब्स रायफल्स होती. वाचलेले लोक पाण्याविना रात्रभर चालत कंदाहारला पोचले आणि शहर वेढलं गेलं. १९ वी पलटण कंदाहारच्या आत होती. १६ ऑगस्टला वेढ्यातल्या फौजेने पूर्वेच्या देह ख्वाजा गावावर बाहेर पडून हल्ला केला, त्यात १९ वीची माणसं होती. तो हल्ला फसला, शंभरावर माणसं पडली. ३१ ऑगस्टला जनरल रॉबर्ट्स काबूलहून कूच करत पोचला आणि १ सप्टेंबरच्या लढाईत अयूब खान हरला.

आता आमचा बाबा यात कुठे? काबूलला तर पलटण गेलीच नव्हती. मला उगाच अपराधी वाटू लागलं. आत्याला कसं सांगायचं की काबूल खोटं आहे?

पुढचा टप्पा लंडनचा. त्या युद्धाच्या पदकांच्या याद्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या लष्करी दप्तरात आहेत. माझी भाची तिथे शिकत होती. वाचकाचा पास फुकट मिळतो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तिने जुलै २०२३ चे दोन शनिवार दिले. पहिल्या शनिवारी तिचा निरोप आला, "मावशी, आपलं आडनाव कुठेच नाही गं." मी तिला नऊ स्पेलिंगांचा कागद पाठवायचाच विसरले होते. दुसऱ्या शनिवारी तिने नावाचा नाद सोडला, १९ वी पलटण काढली आणि कडेवरचा क्रमांक शोधला. भारतात रात्र झाली होती. फोनवर फोटो आला. दौतीच्या शाईत, तिरप्या अक्षरात, तोच क्रमांक आणि तेच नाव. स्पेलिंग मात्र दहावंच.

त्या ओळीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे एक रिकामा रकाना. या पदकाच्या फितीवर लावायला लढाईप्रमाणे नावाच्या धातूच्या पट्ट्या मिळायच्या. अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. मैवंदला पट्टी नव्हती, वेढ्यालाही नव्हती. कंदाहारची पट्टी होती ती १ सप्टेंबरच्या लढाईची. बाबांच्या नावापुढे ती नव्हती. म्हणजे त्यांची पलटण कंदाहारात होती, पण त्या दिवशी मैदानात बाबा नव्हते.

का नव्हते? आजारी असतील. मागच्या चौकीवर असतील. की आधीच जखमी होऊन इस्पितळात असतील? मला आत्याचा आवाज आठवला, एक पाय ओढत चालायचे. मृत्युनोंदीत शेरा होता, पेनशनर.

हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही आणि मिळेल असंही वाटत नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये एका रविवारी, १९०८ साली छापलेल्या या युद्धाच्या सरकारी इतिहासाची प्रत नेटवर वाचताना मी कंदाहार शहराच्या वर्णनापाशी आले. तटबंदीचं शहर. तटाला सहा दरवाजे. हेरात दरवाजा, शिकारपूर दरवाजा, ईदगाह, तोपखाना, बर दुराणी. आणि काबूल दरवाजा.

मी उठून वडिलांची वही काढली. मग माझी वही काढली, त्यात माझ्याच अक्षरात होतं, "काबूलच्या सीमेवर तैनात होते." मग मोबाइलमधलं १४ एप्रिलचं रेकॉर्डिंग लावलं. आत्या स्पष्ट म्हणत होती, "बाबा सांगायचा, मी काबूलच्या दारात उभा होतो. दारात. आत नाही, बाहेर नाही." शेवटचे शब्द तर मी वहीत लिहिलेच नव्हते. मला ते निरर्थक वाटले होते. वेढा पडलेल्या शहराच्या वेशीवर पहारा देणारा माणूस दुसरं काय सांगेल?

म्हणून कुणाकडून जुनं काही ऐकणार असाल तर रेकॉर्ड करा आणि जसं बोललं तसंच उतरवा, वाक्य नीट करायला जाऊ नका. माझ्या शहाणपणामुळे दीड वर्ष ते दार बंद राहिलं.

खर्चाचं विचाराल तर प्रवास धरून सगळं मिळून सोळा हजारांच्या आसपास गेले. त्यातले निम्मे एसटी आणि लोकल, बाकी मोडीवाचन, नकला आणि भाचीसाठी पाठवलेलं पार्सल. वेळ मात्र मोजला नाही.

एक गोष्ट राहून जाईल म्हणून सांगते. बाबांच्या मुलाला, म्हणजे पणजोबांना, पलटणीत जायचं होतं. ते हाताशी येईपर्यंत, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची भरती बंद झाली होती. दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला, आपल्या लोकांनी केलेल्या चाकरीची आठवण सरकारला करून दिली. पाय ओढत चालणारा एक पेनशनर त्या वेळी त्याच तालुक्यात होता. पणजोबा मग मुंबईच्या गोदीत गेले. हा बिल्ला आमच्या घरात इतका जपला का गेला, हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबर २०२३ मध्ये नकाशाची मोठी प्रिंट काढून गावी गेले. आत्याला आता कमी दिसतं. तिचं बोट धरून कंदाहारच्या तटावरून फिरवलं, पूर्वेकडे देह ख्वाजा दाखवलं, तिथून वेशीपाशी आणलं आणि म्हटलं, "आत्या, हे बघ, याचं नाव काबूल दरवाजा."

तिने बोट उचललं नाही. "मग मी काय सांगत होते?" ती म्हणाली. "दारच म्हटलं होतं मी."

मग तिने डबा मागितला. बिल्ला काढला, पदराने नुसता पुसला, राख घेतली नाही, आणि नकाशाची घडी करून त्याच डब्यात ठेवली.